पाणी कुठे मुरतंय?

"मॅडम, आपल्या शहरात पाणी नेमकं कुठे मुरतंय?"

हा प्रश्न विचारला मी, पण तो माझा नव्हता. तो आमच्या टोळीचा होता. पालिकेच्या इंजिनिअर मॅडम शाळेच्या हॉलमध्ये 'बदलतं हवामान आणि आपलं शहर' या विषयावर बोलायला आल्या होत्या, आणि मी हा प्रश्न माइकवर विचारूच शकणार नाही, अशी मागच्या रांगेत पैज लागली होती. पैजेत तथ्य होतं. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानाही लाल व्हायचे. पण या वर्षी, नववीत आल्या आल्या, मला वक्तृत्वात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ज्याला पहिलं बक्षीस मिळतं तो समाधानी होऊन गप्प बसतो. उत्तेजनार्थवाला मात्र खरोखरच उत्तेजित होतो. मी तर तेव्हापासून थांबलेलेच नाही.

हॉल हास्याने फुटला. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. आमच्या शाळेत ही तोफ डागण्याआधीची खूण आहे. पण मॅडम हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्यांनी चक्क विचार केला आणि म्हणाल्या, "कुठेच मुरत नाहीये गं. तेच तर दुखणं आहे."



मग त्यांनी पिशवीतून आवारात बसवतात तसला एक सिमेंटचा ब्लॉक काढला आणि बिस्किटांच्या डब्यात भरून आणलेली माती काढली. दोन्हींवर एकेक पेला पाणी ओतलं. मातीवरचं पाणी गेलं कुठे, ते कळलंच नाही. ब्लॉकवरचं पाणी मात्र टेबलावरून थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या पर्समध्ये गेलं.

"बघितलंत? रस्ता, फूटपाथ, आवार, सगळ्यांची तोंडं आपण बंद करून टाकलीत. आणि पाऊस हल्ली येतो तो महिन्याचा कोटा तासाभरात उरकायला. त्याने जायचं कुठे? जो सगळ्यात खाली राहतो, त्याच्या घरात." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. तुझ्या इमारतीत पाणी कुठे मुरतं, ते बघ आणि मला कळव."

टोळी पैज हरली. पण माझं लक्षच नव्हतं, कारण 'जो सगळ्यात खाली राहतो' हे ऐकल्याबरोबर मला आमचे टेलरकाका आठवले होते.

टेलरकाका आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतात. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या खोलीत ते स्वतः. आमच्या इमारतीतला असा एकही माणूस नाही ज्याची कंबर त्यांना पाठ नाही. आणि त्यांनी ती कधी कोणाला सांगितलेली नाही, यावरून माणसाची थोरवी ओळखावी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दर वर्षी ते सांगतात, "कापड आटलंय हो." एवढं सभ्य खोटं मी दुसरं ऐकलेलं नाही.

शाळेतून आले ती दप्तरासकट त्यांच्याकडेच गेले.

"काका, पाऊस पडला की पाणी कुठून येतं?"

काकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मला मागच्या खोलीच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर कापडावर मारतात त्या निळ्या खडूच्या आडव्या रेघा होत्या. अकरा. दर रेघेशेजारी साल. आमची उंची दरवाजावर मोजतात ना, तसं या माणसाने आपल्या घरातलं पाणी मोजून ठेवलं होतं. पहिली रेघ घोट्याखाली. शेवटची गुडघ्याला टेकलेली.

"अकराच का?"

"त्याच्या आधी येतच नव्हतं, पोरी. मागे माती होती. मग ब्लॉक बसले. आता पुढच्या मीटिंगला मागचं सगळं आवार आणखी एक वीत उचलून काँक्रीट करायचा विषय आहे." त्यांनी भिंतीवर शेवटच्या रेघेच्या वर एक वीत ठेवून दाखवली. पुढच्या खोलीतल्या यंत्राच्या टेबलाइतकी उंच गेली. "माझ्या मुलीने बजावलंय. या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की ती येणार आणि मला तिच्या घरी घेऊन जाणार. कायमचं. तिथे मशीनला जागा नाही."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं 'बुधवारी या, बटणं राहिलीत' सांगतात. मी मात्र दप्तरातली वही काढून अकराही रेघा उतरवून घेतल्या.

त्या संध्याकाळी मी पालिकेला अर्ज लिहिला. माझे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे घरात लेटरहेड आणि शिक्का दोन्ही. रविवारी सकाळी बाबा वर्तमानपत्र वाचत असताना त्यांच्यापुढे काहीही ठेवलं तरी ते सही करतात. मी फसवलं वगैरे नाही हं. त्यांनी रीतसर विचारलं, "काय आहे?" मी रीतसर सांगितलं, "पाण्याचं." ते "बरं" म्हणाले आणि शिक्का उमटला.

अर्जातलं मुख्य वाक्य असं होतं: 'आमच्या सोसायटीत पाणी नक्की कुठे मुरतंय, याची आपण कृपया पाहणी करावी.'

मला अजूनही ते वाक्य निर्दोष वाटतं.

पालिकेच्या खिडकीतल्या काकांनी ते तीनदा वाचलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "कोणी पाठवलं तुला?"

"मीच आलेय. मागचे ब्लॉक काढून तिथे पाणी मुरवायचंय."

"मुरतंय की मुरवायचंय?"

"आत्ता मुरत नाहीये, म्हणून मुरवायचंय."

"हे बघ बाळ, पाणी मुरतंय अशी तक्रार असते. मुरत नाही अशी तक्रार माझ्या बावीस वर्षांत आलेली नाही. झाड तोडायचा फॉर्म आहे, झाड लावायचा आहे, ब्लॉक बसवायचाही आहे. काढायचा नाही." त्यांनी खूप विचार केला. मला त्यांचं कौतुकच वाटलं, दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं. "असं करतो. एक प्रत ओल-गळती विभागाला पाठवतो, एक दक्षता विभागाला. दोन्हींपैकी एकात तू नक्की बसशील."

मी दोन्हींत बसले.

आधी ओल-गळतीवाले आले. हातात छोटी हातोडी. ते प्रत्येक भिंतीवर टकटक करून कान लावत, जसं काही आतून कोणी 'कोण आहे?' म्हणणार आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात त्यांना दिवाणखान्यात तीन वेगवेगळ्या सालांची कॅलेंडरं सापडली आणि तिन्हींच्या मागे ओल सापडली. काकूंनी ही गोष्ट स्वतःच्या नवऱ्यापासूनही लपवली होती. त्या आईशी चार दिवस बोलल्या नाहीत. काकूंना आम्ही 'माहिती केंद्र' म्हणतो, म्हणजे चार दिवस आमच्या घराचा बाकी जगाशी संपर्कच तुटला.

मग दक्षता विभागाचं पत्र आलं. ते अध्यक्षकाकांच्या नावे आलं.

अध्यक्षकाकांबद्दल एवढंच सांगते की लिफ्टमध्ये चौघांची मर्यादा लिहिलीय म्हणून ते पाचव्याच्या कडेवरच्या बाळालाही उतरवतात. त्यांनी आयुष्यात एक नियम मोडलेला नाही. अशा माणसाला पत्र आलं: 'आपल्या सचिवांनी, सोसायटीत पाणी मुरत असल्याबाबत लेखी कळवले आहे. मूळ मंजूर नकाशा व ठरावांची वही तयार ठेवावी. गुरुवारी पाहणी होईल.'

अध्यक्षकाका पत्र घेऊन आमच्या दारात.

"या, बसा ना," आई म्हणाली.

"मी बसायला आलेलो नाही," असं म्हणून ते बसले. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मी या सोसायटीची सेवा केली, आणि तुम्ही म्हणता पाणी मुरतंय?"

"मी?" बाबांच्या हातातला चहा डचमळला. "मी कधी म्हणालो?"

"सही तुमची. शिक्का तुमचा."

बाबांनी कागद पाहिला. मग मला पाहिलं. "तू पाण्याचं म्हणाली होतीस."

"पाण्याचंच आहे!"

"पाणी म्हणजे पाणी?"

"पाणी म्हणजे पाणी! नळाला येतं ते!"

"मग मुरतंय म्हणजे?"

"मुरतंय म्हणजे मुरतंय! मातीत!"

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत होता, पण मी डोकावले तेव्हा ओट्याला धरून ती हसत होती.

"लहान मुलांना पुढे करून राजकारण करू नये," असं अध्यक्षकाका उठताना म्हणाले. हे बाबांना फार लागलं. माझे बाबा म्हणजे रांगेत मागचा घाईत असेल तर त्याला पुढे सोडणारा माणूस. तीन दिवस ते घरात पाहुण्यासारखे वावरले. सही करायची वेळ आली की कागद उलटासुलटा करून, उजेडात धरून वाचत. दूधवाल्याचं कार्डही.

गुरुवारी दक्षता विभागाचे साहेब आले, आणि सोबत कोण? इंजिनिअर मॅडम! साहेबांनी हुशारी केली होती. अर्जात 'पाणी' आहे म्हणून खात्यातलं पाण्याचं माणूस बरोबर आणलं. मॅडमनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे ही तू!"

अध्यक्षकाकांनी नकाशाची गुंडाळी आणली. ती उलगडायला पुरेल एवढं लांब टेबल अख्ख्या इमारतीत एकच होतं, टेलरकाकांचं. नकाशाच्या एका टोकावर कात्री, दुसऱ्यावर इस्त्री. सगळे भोवती वाकले. नकाशात मागच्या आवारावर बारीक, पुसट अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. साहेबांना लागेना, मॅडमना लागेना. मग आई पुढे झाली. आई औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिला आता कोणतंही अक्षर परकं राहिलेलं नाही.

"मोकळी जमीन," तिने वाचलं. "फरसबंदी करू नये."



"म्हणजे," अध्यक्षकाका सावकाश म्हणाले, "ते ब्लॉक... नियमबाह्य?"

"अकरा वर्षं," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आता ते भांडतील, फाटे फोडतील. मी माझं उत्तेजनार्थ भाषण तयारच ठेवलं होतं. पण अध्यक्षकाका ताठ उभे राहिले. "परवा शनिवारी सकाळी निघालेच पाहिजेत," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. मीच मोडला असेल तरी." मग बाबांकडे वळून म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही योग्य केलंत." बाबांनी काहीच केलेलं नव्हतं, पण त्यांनी ते शांतपणे स्वीकारलं. काँक्रीटचा विषय त्याच टेबलावर रद्द झाला.

शनिवारी पहार, फावडी, घमेली घेऊन सगळी इमारत मागे जमली. आमची टोळीही आली. ब्लॉक काढायला आधी हातभार लागला तो सल्ल्यांचाच.

"साप येतील."

"डास होतील, डास!"

"पायाला पाणी लागून इमारत कलेल. माझ्या मावसभावाच्या ओळखीत एकाची कललीय."

"लॉन लावा छानसं. प्लॅस्टिकचं मिळतं, पाणीही घालावं लागत नाही."

मॅडम गुडघाभर गमबूट घालून सुट्टीच्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. इमारतीपासून चार हात सोडून खणायचं, म्हणजे पायाला धोका नाही. पाणी दिवसभरात मुरून गेलं की डासाच्या अळीला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. आणि काही लावायचं नाही. "जे उगवेल ते उगवू द्या. या जागेला काय हवंय ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

पण खरं पाहण्यासारखं काम टेलरकाकांचं होतं. ते गळ्यात टेप घालून ब्लॉकवर ओणवे झाले आणि खडूने आखायला लागले. सरळ चौकोन नाहीच. गच्चीच्या पाइपापासून निघून, त्यांच्या दारापुढून वळून, कुंपणाशी रुंद होणारी एक लांबट, वाकडी आकृती.

"काका, हे असं वेडंवाकडं का?"

"पाणी असंच चालतं. अकरा वर्षं दारात बसून तेच तर बघतोय." मग कुंपणापाशी गोल करून म्हणाले, "इथे कापड जरा झोळात ठेवायचं. टाइट घेतलं की सगळं बाहेर येतं."

मॅडमनी पाणी-पातळी मोजायची नळी लावून पाहिलं आणि माझ्या कानात पुटपुटल्या, "आमचा आराखडा हाच आला असता. फक्त आम्हाला सहा महिने लागले असते."

ब्लॉक निघाले. खालची कच निघाली. त्याखाली जी माती दिसली ती इतकी दबलेली, फिकी, की तिला उजेडाची सवयच नसावी. आम्ही ती भुसभुशीत केली, मध्ये खोलगट केली आणि थांबलो.

पंधरा दिवस सगळी इमारत माझ्याकडे 'झालं समाधान?' अशा नजरेने बघत होती. जागा भयाण दिसत होती. मग अधूनमधून सरी झाल्या आणि एका सकाळी तिथे हिरवी लव आली. त्यातून मग काय काय! आणि ते ओळखलं कोणी? माहिती केंद्राने! काकू खाली उतरल्या, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही हरळी. ही घोळ. ही पिवळ्या फुलाची एकदांडी. आणि हा माका, केसांना लावतात तो. माझी आई दाखवायची गं मला." काकूंना एवढा हळवा आवाज आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्या आता रोज संध्याकाळी खाली येऊन नवीन काय उगवलं ते वर ओरडून सांगतात. सिमेंटखाली अकरा वर्षं दडून बसलेल्या त्या बियांचं मला तर फारच कौतुक वाटतं. कोणी बोलावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही, आणि उजेड दिसल्याबरोबर सगळ्या हजर. चतुर आले, नाकतोडे आले. साप अजून आलेला नाही. डासांची चौकशी अध्यक्षकाका रोज हाफ पँट घालून, तिथे दहा मिनिटं उभे राहून करतात आणि वहीत 'शून्य' लिहितात.

आणि मग काल दुपारी तो पाऊस आला.

पडला कसला, ओतला. शाळा अर्ध्यात सोडली. मी चिंब होऊन आले तेव्हा सगळे मागच्या गॅलऱ्यांमधून खाली बघत होते. गच्चीच्या पाइपातून पाण्याचा लोट सुटला होता. तो काकांनी आखलेल्या वळणाने, अगदी शिकवल्यासारखा, त्यांचं दार टाळून गेला आणि कुंपणाशी झोळात भरत गेला. गवत बुडालं. पाणी काठाला आलं. काठाला आलं, थांबलं, आणि तिथेच गोल गोल फिरत राहिलं. पाऊस ओसरला तशी गवताची टोकं एकेक करून वर आली.

मागचं दार कोरडं! गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. काकू तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, "मुरलं गं, मुरलं!"

मी धावत टेलरकाकांकडे गेले. ते मागच्या खोलीत नव्हते. पुढच्या खोलीत ते यंत्राचा पट्टा काढून वर ठेवत होते, आणि त्यांच्या पायांशी पाणी होतं.

दोन बोटं फक्त. पण पाणी. पुढून आलेलं. मागचं आम्ही सोडवलं होतं, पुढे मात्र पार्किंगचे ब्लॉक तसेच होते, आणि रस्त्यावरून चढलेलं पाणी त्यांच्यावरून घसरत थेट उंबरठा ओलांडून आत आलं होतं.

काका वाकले आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर बारावी रेघ मारली. "बघ, अकरांमध्ये एवढी खाली एकही नाही," ते मला म्हणाले. म्हणजे ते माझीच समजूत काढत होते! "तुम्ही पोरांनी कमाल केलीत. पण मुलीचा फोन येऊन गेला. खोटं कसं बोलू? उद्या दहाला येतेय ती."

कमरेबद्दल आयुष्यभर गोड खोटं बोललेला माणूस, स्वतःच्या घराबद्दल एक खोटं बोलायला तयार नाही.

मी त्यांचा टेप उचलला आणि पुढे गेले. पाणी अजून निथळत होतं, त्यामुळे वाट स्वच्छ दिसत होती. फाटकातून आत, तिरकं, पार्किंगच्या एकाच जागेच्या पोटाखालून, काकांच्या उंबरठ्याशी. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तीच जागा आली. चार नंबर. त्या जागेवर एक पांढरी गाडी उभी असते, जिच्यावर आधी सुती आणि मग मेणकापडाचं आवरण असतं, आणि जिच्या काचेवर पक्ष्याने काही केलं तर एक गृहस्थ दिवसभर जेवत नाहीत. ते गृहस्थ माझे बाबा आहेत.

मग मी मॅडमना फोन केला. अध्यक्षकाकांकडे जाऊन नकाशा पुन्हा पाहिला; त्याच्या पुढच्या बाजूकडे त्या गुरुवारी कोणी बघितलंच नव्हतं. टोळीला निरोप दिला. आणि घरी आले. आई-बाबा जेवायला बसले होते. बाबा खुशीत होते, कारण दिवसभरात अकरा जणांनी त्यांना 'सेक्रेटरी, मानलं' म्हटलं होतं. मी ताट घेतलं नाही. उभीच राहिले.

"काय गं?" आई म्हणाली. "बस ना."

"मी ठरवलंय," मी म्हणाले. आवाज थोडा थरथरला, पण थांबला नाही. "चार नंबरचे ब्लॉक उद्या सकाळी सातला निघणार. नकाशात तीही मोकळी जमीन आहे, आणि जागा आपली आहे. मॅडम येतायत, पहार टोळी आणतेय. दहाला काकांची मुलगी येईल तेव्हा तिला मी स्वतः खड्डा दाखवणार आणि एक पावसाळा मागून घेणार. काकांना मी हे सांगितलेलं नाही, कारण ते नको म्हणतील. तुम्हालाही विचारत नाहीये. सांगतेय."

बाबांचा घास हातातच राहिला. "आणि गाडी?"

"रस्त्यावर, बाबा. झाडाखाली."